बर्निंग मॅनला सावली टिकवायची कशी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या टपालात कॅम्पिंगचे प्रश्न सगळ्यात जास्त आलेत आणि त्यातले बहुतेक एकाच जागेबद्दल आहेत, नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात ऑगस्टच्या शेवटी भरणारं बर्निंग मॅन. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९८६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर लॅरी हार्वी आणि जेरी जेम्स यांनी एक लाकडी पुतळा जाळला, १९९० मध्ये ते सगळं वाळवंटात गेलं, आणि आता दरवर्षी अमेरिकेतल्या लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आधीच्या आठवड्यात तिथं साधारण सत्तर हजार माणसांचं शहर उभं राहतं आणि मग उठून जातं. झाड म्हणाल तर एक नाही. दुकान नाही, विकत मिळतो तो बर्फ, बाकी पाण्यापासून सावलीपर्यंत सगळं आपलं आपण न्यायचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातली आपली बरीच मंडळी जातात, म्हणून प्रश्न पण जास्त तिकडूनच आलेत.

प्रश्न: ताई, मागच्या वर्षी आम्ही सहा जण पहिल्यांदाच गेलो, दुकानातून दहा बाय दहा फुटांचा पॉपअप कॅनपी (घडी उघडली की उभा राहणारा तयार मांडव) उचलला, सोबत आलेल्या मेखा मारल्या, वर पाण्याचे कॅन पण बांधले. दुसऱ्याच दुपारी धुळीचं वादळ आलं आणि पाच मिनिटांत कात्रीसारख्या पट्ट्या तुटल्या, छप्पर शेजारच्यांच्या सायकलींवर जाऊन पडलं, नशीब कुणाला लागलं नाही. या वर्षी नीट काहीतरी बांधायचंय, बजेट बेताचं आहे. काय करू? — एक वाचक, फ्रीमाँट

उत्तर: पहिलं म्हणजे दुसरा पॉपअप घेऊ नका, महागातला पण नको. तो शनिवारच्या शेतकरी बाजारासाठी असतो, त्याचे पाय पातळ, जोड भरपूर, आणि वरचं कापड वाऱ्याला अजिबात वाट देत नाही.

आपण सगळे सावली म्हटलं की उन्हाचा विचार करतो आणि छपरापासून सुरुवात करतो. तिथं उलटं करायला लागतं, आधी जमीन, मग दोर, मग सांगाडा आणि कापड सगळ्यात शेवटी. कारण ऊन रोजचं ठरलेलं आहे, वाऱ्याचं काही ठरलेलं नसतं. २०२५ मध्ये गेट उघडायच्या आदल्या संध्याकाळी, २३ ऑगस्टला, ताशी ५० मैलांच्या आसपासचे झोत आले आणि आधी पोचून बांधकाम करणाऱ्या बऱ्याच कॅम्पांचे मांडव आडवे झाले, त्यात अनुभवी लोकांचे पण होते. थोडा हिशोब करून बघा. ताशी ५० मैल म्हणजे ८० किलोमीटर, त्या वाऱ्याचा समोरून येणारा जोर चौरस मीटरला साधारण ३० किलो भरतो. दहा बाय वीस फुटांची ताडपत्री म्हणजे साडेअठरा चौरस मीटर, ती वाऱ्याला आडवी आली की साडेपाचशे किलो ओढ. आणि वारा दुप्पट झाला तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. त्यात तुमचे पाण्याचे दोन-चार कॅन काय करणार.

जमिनीबद्दल सांगते, कारण 'वाळवंट' म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर जैसलमेरचे वाळूचे डोंगर येतात. ब्लॅक रॉकला वाळू नाहीच. ते लाहोंटन नावाच्या हजारो वर्षांपूर्वीच्या सरोवराचं वाळलेलं तळ आहे, सपाट, वरून भेगाळलेली कडक माती, आणि त्यावर मैद्यासारखी बारीक अल्कली धूळ. तिथले लोक याला 'प्लाया' म्हणतात. कॅनपीसोबत येणाऱ्या वीतभर मेखा या मातीत जातात पण आणि तितक्याच सहज निघतात पण.

पूर्वी सगळे बांधकामाची सळई वापरायचे, अर्ध्या इंचाची, दोन-तीन फूट लांब, घणाने ठोकायची आणि डोकं छत्रीच्या मुठीसारखं वाकवायचं. अजूनही वापरतात आणि धरते पण चांगली, फक्त ठोकताना खांदे जातात आणि काढताना जीव जातो. गेल्या काही वर्षांत लोक लॅग बोल्टवर आलेत आणि मी पण तेच सांगीन. हा म्हणजे लाकडात मारायचा जाड स्क्रू, षटकोनी डोक्याचा, ३/८ इंच जाडीचा आणि १२ ते १४ इंच लांब घ्यायचा. डोक्याखाली एक वॉशर, मग साखळीच्या दोन-तीन कड्यांचा तुकडा, मग परत वॉशर, आणि बॅटरीवरच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरने सरळ जमिनीत फिरवत न्यायचा. ३/८ च्या बोल्टला सॉकेट ९/१६ चा लागतो, तो दोन नग घ्या कारण हा एवढासा तुकडा धुळीत पडला की सापडत नाही आणि त्याच्यावाचून सगळं काम बंद. साध्या ड्रिलने जमणार नाही, मनगट मुरगळेल. बोल्ट जमिनीलगत बसतो, बाहेर फक्त साखळी राहते, म्हणजे रात्री कुणाच्या नडगीला लागत नाही. सळई वापरलीत तर टोक झाकणं सक्तीचं समजा, नुसता टेनिस बॉल खोचू नका, तो वाऱ्यात निघतो आणि गावभर फिरतो.

आता सांगाडा. तुम्हाला दोन पर्याय.

स्वस्तातला म्हणजे पीव्हीसी पाईपच्या कमानी, तिकडे 'मंकी हट' म्हणतात. दहा-दहा फुटांचे दोन पाईप कपलिंगने जोडून वीस फुटांचा एक, त्याची दोन्ही टोकं जमिनीत ठोकलेल्या सळयांवर बसवली की साधारण बारा-साडेबारा फूट रुंद आणि मधे साडेसहा फुटांच्या जवळपास उंच कमान होते. अशा पाच कमानी, मधून आडवा एक पाईप, वर कापड. गोल आकार असल्यामुळे वारा वरून सरकतो, पाईप वाकतो आणि परत येतो. पण पीव्हीसी उन्हाने ठिसूळ होतं, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कधी तडकेल सांगता येत नाही, आणि तडकलेल्या पीव्हीसीची धार फार वाईट.

दुसरा म्हणजे इलेक्ट्रिकचा लोखंडी कॉन्ड्युट पाईप, एक इंचाचा. पाऊण इंची पण लोक घेतात, दहा फुटांच्या गाळ्याला मला तो लेचापेचा वाटतो. दहा बाय वीसच्या मांडवाला वरती सात पाईप लागतील (लांबीच्या दोन बाजूंना दोन-दोन, आडवे तीन), पाय सहा, कोपऱ्यांना तीन तोंडांचे चार जोड आणि मधे चार तोंडांचे दोन. सहा माणसं आणि त्यांचे तंबू म्हटल्यावर तुम्हाला वीस बाय वीस बरं पडेल, त्याला वर बारा पाईप, पाय नऊ, आणि मधोमध एक पाच तोंडांचा जोड. पाय सहा-सात फुटांच्या वर नेऊ नका. उंच मांडव फोटोत छान दिसतो, पण वाऱ्यात तोच आधी जातो. जोडांचे स्क्रू वाऱ्याच्या थरथरीने ढिले होतात, रोज सकाळी चहाच्या आधी एक फेरी मारून आवळायचे, ही ड्यूटी कुणाला तरी नावानिशी लावून द्या नाहीतर सहा जणांत कुणीच करत नाही.

दोरीऐवजी ट्रकवाले वापरतात ते रॅचेट पट्टे घ्या. दहा बाय वीसला प्रत्येक कोपऱ्यातून दोन दिशांना दोन, मधल्या पायांना एकेक, असे दहा. पट्टा जमिनीशी ४५ अंशात हवा, म्हणजे पाय सात फुटांचा तर बोल्ट पायापासून सात फूट लांब. लोक जागा वाचवायला दोन-तीन फुटांवर मारतात, मग तो पट्टा नुसता शोभेचा. सहा पायांच्या बुडाला पण एकेक बोल्ट, म्हणजे सोळा झाले, वीस घेऊन जा. पट्टा लावताना त्याला एक-दोन पीळ द्या, सरळ सपाट पट्टा वाऱ्यात रात्रभर घूं घूं करत वाजतो आणि थरथरून ढिला पण होतो, पीळ दिलेला गप्प बसतो. आणि आवळताना जोर दाखवू नका, कॉन्ड्युट वाकतो.

उभं करताना सकाळी लवकर करा, वारा दुपारनंतर उठतो. आधी टेप लावून चौकोन आखा, काटकोनाला आपल्या गवंड्यांचं ३-४-५ वालं माप पुरतं. वरचा सांगाडा जमिनीवर जोडा, एका बाजूचे पाय घाला, मग दुसऱ्या बाजूचे, लगेच पट्टे, आणि सगळं घट्ट झाल्यावरच कापड. अर्धवट पट्ट्यांवर कापड चढवलं आणि नेमका तेव्हाच झोत आला असं दरवर्षी कुणाचं तरी होतं. आणि एकदा तरी घरच्या बॅकयार्डमध्ये किंवा एखाद्या पार्किंगमध्ये पूर्ण उभं करून बघा, कारण एखादा जोड कमी पडला तर हार्डवेअरचं दुकान रिनोला, आणि गेटच्या आत शिरल्यावर रिनो फार लांब.

प्रश्न: माझा मुलगा सॅन होजेला असतो, मित्रांबरोबर त्या वाळवंटातल्या जत्रेला जाणार म्हणतो. मला तर नुसतं ऐकूनच कसंतरी होतं. इतके पैसे घालवून उन्हात राहायचं, वर मांडव पण स्वतः घालायचा! तिकडे मंडपवाले नसतात का भाड्याने? — एक आई, पुणे

उत्तर: काकू, मंडपवाले नाहीत, आणि मुद्दाम नाहीत. बर्फ सोडला तर तिथं खरेदी-विक्रीच चालत नाही, आपलं आपण उभं करायचं ही त्या लोकांची मुख्य अट आहे. शिवाय आपल्याकडच्या मंडपवाल्याची पद्धत तिथं चालायची पण नाही. आपल्याकडे रस्त्यात खड्डा घेऊन वासा रोवतात आणि चारी बाजूंनी कापड ताणतात, तिथं जमीन सरकारी, तिची देखरेख ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट करतं, खड्डे खणून ठेवलेले चालत नाहीत. आणि चारी बाजूंनी बंद कनात म्हणजे वाऱ्याला आमंत्रणच.

काळजीचं म्हणाल तर ऊन आहे, दुपारी पारा अडतीस-चाळीसपर्यंत जातो, पण हवा कोरडी, विदर्भासारखी. घाम जाणवतच नाही आणि तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून आयोजकच माणशी रोज दीड गॅलन, म्हणजे साडेपाच लिटरच्या वर पाणी आणा म्हणतात. त्याला सांगा की मिठाचं काहीतरी पण ठेव, चिवडा, लोणचं काहीही चालेल. रात्री मात्र थंडी पडते, कधी कधी पाच डिग्रीपर्यंत, समुद्रसपाटीपासून जवळपास ३,९०० फूट उंचीवर आहे ते. तेव्हा पांघरूण नीट हवं, तुम्ही दिलेली गोधडी असेल तर तीच ने म्हणावं. अनवाणी फिरू नको सांगा, ती धूळ अल्कली आहे, टाचा फुटतात, व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पाय धुतले की बरं वाटतं.

बाकी मुलांना एकदा आपल्या हाताने मांडव घालायला लागला तर मला त्यात काही वाईट दिसत नाही. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, नेमकी त्याच आठवड्यात आली होती, तेव्हा मात्र आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरी फोनवर रुसवेफुगवे झाले.

प्रश्न: कापड कुठलं घ्यावं? अ‍ॅल्युमिनेट महाग पडतं. माझ्या काकांची नारायणगावला शेती आहे, त्यांच्याकडे हिरवी शेडनेट पडून आहे, डिसेंबरमध्ये येताना ती बॅगेत आणली तर चालेल का? निळी ताडपत्री तर घरात आहेच. — एक वाचक, सनीवेल

उत्तर: चालेल की. नर्सरीवर, भाजीवर घालतात ती शेडनेट आणि इथली शेडक्लॉथ, जातकुळी एकच, दोन्ही एचडीपीई प्लॅस्टिकच्या. फक्त विणलेली बघून आणा, कापल्यावर जिच्या कडेचे धागे सुटत नाहीत अशी. काही जाळ्यांची कड कापली की पट्ट्या सुटून येतात, त्या तिथं उडाल्या तर तुम्हीच वेचत बसाल. काकांकडे शेतात काही वर्षं उन्हात राहिलेली असेल तर हाताने ओढून बघा, फाटत असेल तर राहू दे. कडेला दुमडून पट्टी शिवून घ्या आणि दर दोन फुटांवर आयलेट मारून घ्या, हे काम इथल्यापेक्षा तिकडे गावातला ताडपत्रीवाला स्वस्तात आणि जास्त नीट करेल.

जाळी किती ऊन अडवते ती टक्केवारी ७० ते ७५ घ्या. पन्नासची ऊन फार आत सोडते, आणि नव्वदची वाऱ्याला जवळपास कापडासारखीच आडवी येते, म्हणजे जाळी घेण्याचा फायदाच गेला. अजून काळोख हवा असेल तर तंबूच्या वर दुसरी जाळी टाका, पण दोन्हीत फूटभर तरी मोकळी जागा हवी, मधली गरम हवा निघून जायला पाहिजे. तंबूला चिकटवून टाकलेल्या जाळीचा उपयोग कमी.

अ‍ॅल्युमिनेट म्हणजे जाळीच्या धाग्यांना अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा, ऊन परत फेकते, स्वतः तापत नाही, त्यामुळे खाली खरंच गार लागतं. हिरवी किंवा काळी जाळी ऊन स्वतः पिते. फरक आहे, पण डोक्यावर सात फुटांवर असेल तर तो फरक इतका नाही की त्यासाठी क्रेडिट कार्ड झिजवावं. उरलेले पैसे चांगल्या पट्ट्यांवर घाला.

निळी ताडपत्री घरीच राहू दे. ती शिडासारखी फुगते, आयलेटपाशी फाटते, आणि ती शाबूत राहिली तरी रात्रभर अशी फडफडते की सगळ्या गल्लीची झोप जाते.

जाळी सांगाड्याला बांधायला बॉल बंजी घ्या, रबरी दोरीचा फास आणि एका टोकाला प्लॅस्टिकचा गोळा. झोत आला की रबर ताणतं, आयलेट वाचतं. उन्हाने चार दिवसांत काही सुटतात, मूठभर जास्तीचे ठेवा. आणि हो, जाळी धूळ अडवत नाही, एका कणाला पण नाही, धुळीसाठी आत बंद होणारा तंबू लागतोच, आणि वरती नुसती मच्छरजाळी असलेला तंबू नेलात तर अंथरुणात प्लाया घेऊन झोपायचं.

प्रश्न: आमचा शेड मजबूत होता, उडाला नाही, पण दुपारी चारनंतर त्याच्या खाली सावलीच नसायची! सगळे खुर्च्या घेऊन सरकत सरकत शेजाऱ्यांच्या हद्दीत. आमचं काय चुकलं? — एक वाचिका, डब्लिन, कॅलिफोर्निया

उत्तर: चुकलं काही नाही, तुम्ही मे महिन्यातला महाराष्ट्र डोक्यात ठेवून बांधलंत. आपल्याकडे मेमध्ये सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली खांबाच्या पायाशी पडते. ब्लॅक रॉक जवळपास ४१ अंश उत्तरेला आहे, ऑगस्टच्या शेवटी ऐन मध्यान्हीला सूर्य दक्षिणेकडे ५९-६० अंशांवर असतो, आणि ती मध्यान्ह घड्याळात दुपारी एकला येते. म्हणजे आठ फूट उंच छपराची सावली एक वाजता पण पाच फूट उत्तरेला सरकलेली असते. संध्याकाळी पाचला सूर्य पश्चिमेला २९ अंशांवर उतरतो, तेव्हा त्याच छपराची सावली चौदा-साडेचौदा फूट पूर्वेकडे जाऊन पडते. दहा बाय दहाचा शेड असेल तर सगळी सावली शेडच्या बाहेर! सकाळी नऊचं गणित तेच, फक्त उलट्या बाजूला, म्हणून रात्री तीनला झोपलेली माणसं नऊला तंबूत भाजून उठतात.

यावर उपाय दोन. एक, छप्पर खाली आणा, सहा फुटांवरची सावली आठ फुटांवरच्यापेक्षा कमी पळते, आणि वाऱ्यालाही ते बरं. दोन, पश्चिमेला जाळीची भिंत. इथं जपून, कारण मोठा वारा पण बहुतेक वेळा पश्चिम-नैऋत्येकडूनच येतो, म्हणजे जिकडून ऊन तिकडूनच झोत. म्हणून भिंत कापडाची नको, जाळीचीच, आणि सरळ उभी लावण्यापेक्षा छपराच्या कडेपासून तिरकी बाहेर उतरवून जमिनीला बांधा, मांडवाच्या पडवीसारखी. तिची खालची कड पटकन सोडता येईल अशी ठेवा, वादळ दिसलं की आधी ती सोडायची. पूर्वेला तंबू लावा, पश्चिमेला स्वयंपाक आणि सामान. मांडवाची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवलीत तर मधली जागा जास्त वेळ सावलीत राहते. पण तिथले रस्ते गोलाकार असतात आणि तुमचा प्लॉट कसाही तिरका येऊ शकतो, तेव्हा फोनवरचा कंपास आधी बघा आणि मग बोल्ट मारा.

प्रश्न: हेक्सायुर्ट करावं का साधा तंबू आणि वर जाळी पुरे? आणि नागपूरच्या माणसाला कूलरशिवाय झोप येत नाही, तिकडे चालतो का? — एक वाचक, फॉल्सम

उत्तर: तुमच्या नागपुरी कूलरचं आधी सांगते. इतका चांगला चालतो की विचारू नका, मुंबईत जो नुसता दमट वारा फेकतो तोच इथं थंडी वाजवतो, हवा कोरडी आहे ना. तिकडे लोक बादलीत पंप आणि भोवती पॅड लावून घरी बनवतात, बारा व्होल्टचा पंखा, सोलर पॅनल, झालं. वाळ्याच्या ताट्या मिळाल्या तर न्या, शेजारी विचारायला येतील कसला वास. फक्त समोरची एक खिडकी उघडी हवी, नाहीतर तासाभरात आत मुंबई. आणि कूलरचं पाणी पिण्याच्या हिशोबात धरू नका, ते वेगळं न्या.

हेक्सायुर्ट म्हणजे विनय गुप्ता यांनी २००२ मध्ये काढलेलं सहा भिंतींच्या छोट्या खोपटाचं डिझाइन, सगळ्यांना फुकट वापरायला खुलं ठेवलेलं. नेहमीच्या मापाला फॉइल लावलेले एक इंची फोमचे चार बाय आठ फुटांचे बारा बोर्ड, सहा भिंतींना आणि सहा तिरके कापून छपराला, सगळं रुंद चिकटपट्टीने जोडायचं. आत धूळ येत नाही, सकाळी उशिरापर्यंत गार राहतं, कूलर असेल तर दुपारी पण झोपता येतं. पण हलकं इतकं की बांधलं नाही तर पतंग, छपराभोवती दोराचा वेढा घालून चहूकडे जमिनीला बांधावंच लागतं. कापाकापी आणि टेपिंग घरीच करा, फोमचा भुगा तिथं सांडला तर वेचता येत नाही. बोर्ड न्यायला पिकअप किंवा भाड्याचा ट्रक हवा, ठेवायला गराज हवं. दोघंच असाल आणि दरवर्षी जाणार असाल तर करा. पहिल्यांदा जात असाल तर साधा तंबू आणि वर जाळीचा मांडव, तेवढं पुरे. आणि दोन्हीत आतमध्ये गॅस, शेगडी पेटवायची नाही, बंद जागेत कार्बन मोनॉक्साईड साठतो.

प्रश्न: पाऊस आला तर? जाळीतून सगळं गळेल ना. — एक वाचक, सॅक्रामेंटो

उत्तर: गळेल, गळू दे. २०२३ मध्ये सप्टेंबरच्या सुरुवातीला जो पाऊस झाला त्यात हजारो लोक दोन-तीन दिवस अडकले, चिखल चाकाला आणि बुटाला सिमेंटसारखा बसतो, गाडी काय सायकल पण हलत नाही. पण त्यासाठी मांडवच ताडपत्रीचा करू नका, सपाट छपरावर पाणी साठून पाईप वाकतात. तंबूचा रेनफ्लाय (तंबूवर घालायचं पावसाचं कापड) न्यायला विसरू नका, ऊन बघून लोक तोच घरी ठेवतात. एक घडी केलेली ताडपत्री सामानावर टाकायला ठेवा, तुमच्याकडे निळी असेल तर ती इथं कामाला येईल. ओल्या मातीत बोल्टची पकड पण सैल होते, पाऊस थांबला की सगळे पट्टे एकदा हाताने हलवून बघा.

प्रश्न: बांधायला तीन तास, काढायला सात! सळया तर निघतच नव्हत्या. काही युक्ती? — एक वाचक, मिलपिटास

उत्तर: सळईच्या भोवती पाणी ओता, अर्धा तास थांबा, मग व्हाईस ग्रिप किंवा पाईप पान्याने पकडून आधी गोल फिरवा, फिरली की वर ओढा. सरळ ओढत बसलात तर कंबर जाईल, सळई नाही. लॅग बोल्ट इम्पॅक्ट ड्रायव्हर उलटा फिरवला की दहा सेकंदात हातात, म्हणून तर वर एवढं कौतुक केलं. बॅटरी मात्र शेवटच्या दिवसासाठी एक चार्ज करून वेगळी लपवून ठेवा, कॅम्पातलं कुणीतरी ती लायटिंगला वापरतंच.

काढायचा क्रम उलटा, कापड आधी, पट्टे शेवटी. किती बोल्ट मारले तो आकडा पहिल्याच दिवशी टूलबॉक्सच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवा, आणि तेवढे मोजून निघाल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. धुळीखाली राहिलेला बोल्ट पुढच्या कुणाच्या तरी टायरमध्ये जातो. तिथल्या भाषेत जागेवर राहिलेल्या प्रत्येक कचऱ्याला 'मूप' म्हणतात, कार्यक्रम संपल्यावर त्यांची टीम रांगेने चालत सगळं मैदान तपासते आणि कुठल्या कॅम्पने किती घाण ठेवली त्याचा हिरवा-पिवळा-लाल नकाशा काढते. सरकारी तपासणीत एकरी सरासरी एक चौरस फुटाच्या वर कचरा मिळाला तर परवान्यावरच गदा. झिप टायची कापलेली टोकं यात सगळ्यात वाईट, म्हणून झिप टाय शक्यतो नकोच, दोरीच्या गाठी नाहीतर वेल्क्रो वापरा. शेवटी चुंबकाचा दांडा जमिनीवरून फिरवा, स्क्रू आणि वॉशर त्याला येऊन चिकटतात.

घरी आल्यावर पट्ट्यांची रॅचेटं, बोल्ट, जोड सगळं व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून, नळाखाली धुऊन, वाळवून, थोडं तेल लावून ठेवा, ती धूळ लोखंड खाते. जाळी पण धुवा, पण ती अंगणात, वॉशिंग मशिनमध्ये नको. आणि कचऱ्याच्या पिशव्या वाटेत गर्लॅक किंवा निक्सनसारख्या छोट्या गावांत टाकून पळू नका, तिथल्या लोकांच्या डोक्याला ताप होतो, सरळ मिलपिटासपर्यंत घेऊन या.